लताबाईची सासू उपाशी नव्हती

लिही मंजू. मी बोलते तसंच लिही, मध्येच मला थांबवून शाळेसारखं करू नको. अहिराणी जिथे येईल तिथे येऊ दे, तुला कळतेच. तू नेहमी विचारतेस ना, ती बोदवडची मावशी कोण, जिच्याकडून दर साली पिशवीभर वाळवलेल्या बिबड्या येतात ती? ती आपली कुणी सोयरी नाही. ती लता. आपल्या भिंतीला भिंत लागून घर होतं तिचं.

लता मगनची बायको. मगनचं घर म्हणजे घरात म्हातारी भिकुबाई, मगन, लता आणि त्यांची एक पोरगी, तेव्हा चालायला लागलेली. भिकुबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठा मुलगा पुना चाळीसगावला गिरणीत कामाला, बायको घेऊन तिकडेच राहायचा. दिवाळीला यायचा, आईला लुगडं आणायचा, दोन दिवस ओट्यावर बसायचा आणि जायचा.

लता लग्न होऊन आली तेव्हा बठ्ठ्या, सगळ्या गल्लीने तिची थट्टा केली. तिचं माहेर बोदवड, तिकडची बोली वेगळी ना. आम्ही म्हणायचो, "काय करी राहिनी व?" आणि ती तिकडचं काहीतरी बोलायची की आम्ही पोट धरून हसायचो. ती पण हसायची. उंच, काळीसावळी, हात असा चपळ की कापूस वेचायला आम्ही एका सरीत निघालो तर ती दुसऱ्या टोकाला पोचून पाणी पीत बसलेली. आणि भिकुबाईला सून फार आवडायची बरं. आमटीत सोडायचे डुबुक वडे करायला तिनेच शिकवलं लताला. भिकुबाई स्वतः मोठी मानी बाई. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायची, पण घास नाही खायची. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "मना घर चूल नही का?"

हे सगळं चांगलं चाललं होतं. मग म्हातारीचं बिघडायला लागलं.

आधी काय झालं, तर ती एकच गोष्ट परत परत विचारायची. मग वरणात मीठ दोनदा, कधी तीनदा. मग एक दिवस विहिरीवरून येताना तिला घरच सापडेना. हमीदाच्या दारात उभी राहिली. हमीदा म्हणजे आपल्या समोरची, तिचा नवरा गफूर गाद्या भरायचा. हमीदाने हाताला धरून आणून सोडलं. आम्ही म्हटलं, म्हातारपण आहे, व्हायचंच.

पण त्याच्यापुढे जे सुरू झालं त्याने लताचा जीव अर्धा केला. म्हातारी जेवायची आणि जेवलेलं विसरायची. ताट धुवून पालथं पडतंय न पडतंय तोच पदर पसरून गल्लीत निघायची. हमीदाकडे, माझ्याकडे, फुलचंद शेठच्या आईकडे. "माय वं, सकायपाईन पोटमा काहीच नही. सून माले भाकर देत नही." आणि हे बोलताना डोळ्यात पाणी, खरं पाणी. ज्या बाईने जन्मात परक्याचा घास घेतला नाही, ती दारात हात पसरून उभी! आता सांग, लोक कुणावर विश्वास ठेवतील?

मी भिंतीपलीकडची. मला भांड्यांचा आवाज ऐकू यायचा, "आई, अजून अर्धी घ्या" म्हणलेलं ऐकू यायचं. मी सांगायची सगळ्यांना. तर बाया म्हणायच्या, "तू तर तिचीच बाजू घेशील. दोघी एका वावरात जातात, एका पाट्यावर मिरची वाटतात."

मग लताने काय केलं, सासूचं ताट बाहेर आणलं. रोज ओट्यावर, भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असं वाढायला लागली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, भाजी, वर तेल. म्हातारी जेवायची, हात धुवायची, आणि ओट्यावरून उतरली की तीच रड. तर लोक काय म्हणाले? "बघा, दाखवायला देते. आत काय करते कुणी पाहिलं?" एकदा लता वावरात जाताना बाहेरून कडी लावून गेली, म्हातारी विहिरीकडे जाईल म्हणून. त्या दिवशी म्हातारी दारावर हात आपटत राहिली आणि गल्ली गोळा झाली. झालं! सून कोंडून ठेवते.

आणखी एक व्हायचं. म्हातारी भाकर लपवायची. गोधडीच्या घड्यांत, कोठीच्या मागे. मग लताने साफ करताना शिळी भाकर काढली की म्हणायची, "देखा, मनी भाकर लपाडी ठेवस."

लता आधी चिडायची, भांडायची. नंतर चूप झाली. म्हातारी निघाली की धावत मागे जायची, हात धरून, मान खाली घालून परत आणायची. ते बघवायचं नाही. बाजारात जाणं सोडलं तिने. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं बंद झालं.

हे चाळीसगावला पोचायला कितीसा वेळ? एसटीत कुणीतरी भेटलं असेल पुनाला. तो आला तो तापूनच. ओट्यावर उभा राहून, सगळी गल्ली ऐकतेय असा ओरडला, "मनी माय दारोदार भीक मांगस, अन् तू तिले ओट्यावर बसाडीसन तमाशा करस? तुले लाज वाटत नही का?"

लता म्हणाली, "दादा, तुम्ही आठ दिवस इथं राहा. आपल्या हातानं वाढा."

"मी गिरणीमा सुट्टी मांगू, तू घरमा राणी व्हईसन बस!"

मगन मधेच उभा. मगन कसा माणूस, तर कुत्र्याला सुद्धा हाड म्हणणार नाही. भावापुढे तर तोंडच उघडायचं नाही त्याचं. पुढच्या खेपेला आईला चाळीसगावला घेऊन जातो, असं सांगून पुना गेला, आणि संध्याकाळी मगनने लताला सांगितलं, "अखाजीला माहेरी जा. मी घ्यायला येईन तेव्हा ये. पोरगी इथंच राहील."

आता आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातातच, झोके खेळायला, गौराईची गाणी म्हणायला. त्यात नवल नाही. पण पोरगी ठेवून जा म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. लता माझ्याकडे येऊन बसली. रडली नाही. मला म्हणाली, "अक्का, तो घ्यायला येणार नाही. आणि माझ्या बापाला काय सांगू, सासूला उपाशी मारलं म्हणून आले?"

मी चहा केला, तो तिने घेतला नाही.

तो चैत्र होता, मोठा दुष्काळ होऊन गेला त्याच्या पुढच्या सालचा. त्याच चैत्रात मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आली. सबनीस बाई. सुई नाही, गोळी नाही, नळी नाही. आम्हाला वाटलं ही कसली डॉक्टर. फुलचंद शेठच्या माडीवर उतरली होती. शेठच्या आईने, जतनबाईने, तिला विचारलं, "बाई, तू आमचं काय तपासणार?"

ती म्हणाली, "आजी, म्हातारपणी माणसाचं डोकं कसं चालतं ते मी बघते. किती आठवतं, काय विसरतं. शहरातल्या शिकलेल्या म्हाताऱ्यांना विचारून पुष्कळ कागद भरलेत लोकांनी. तुमच्यासारख्या, शाळा न पाहिलेल्या, शेतात राबलेल्या माणसांना कुणी विचारलंच नाही."

जतनबाई म्हणाली, "आम्हाला सुनाच विचारत नाहीत, मग मुंबईवाले कशाला विचारतील!"

मग रोज जतनबाईच्या अंगणात ती एकेका म्हाताऱ्या माणसाला बसवायची. काय काय विचारायची! पाच शब्द सांगायची, आंबा, बैल, घागर असे, इकडचं तिकडचं बोलायची, आणि मग विचारायची, मघाशी काय सांगितलं होतं? कागदावर चौकोन काढा म्हणायची. जतनबाई म्हणाली, "मी जन्मात पेन्सिल धरली नाही. पिठाने मांडणा काढू का?" बाई म्हणाली काढा. जतनबाईने असा मांडणा काढला की बाई बघतच राहिली, आणि तो कागदावर उतरवून घेतला. तारीख विचारली तर म्हाताऱ्या म्हणायच्या, "तारीख मास्तरला विचारा, तिथी आम्ही सांगतो."

एक दुपारी बाई माझ्या ओट्यावर आली. माझी सासू तेव्हा होती, तिला विचारून झालं होतं. बाईचा चेहरा उतरलेला. मला म्हणते, "एक विचारू? तुमच्या गावात एकाही म्हातारीला नवऱ्याचं नाव आठवत नाही. बाकी सगळं बरोबर सांगतात. वावराचे बांध सांगतात, गाईच्या पाच पिढ्या सांगतात. नवऱ्याचं नाव विचारलं की भिंतीकडे बघतात. हा कसला आजार?"

मंजू, मी इतकी हसले, इतकी हसले की सासू आतून ओरडली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "बाई, आठवत नाही कसं? तोंडाने घ्यायचं नाही ना! नवरा जिवंत असो की गेलेला असो, बाई त्याचं नाव घेत नाही. लग्नात नाव घ्यायला लावतात तेवढंच. माझी सासू, जतनबाई, हमीदाची सासू सुद्धा, जीभ कापली तरी नाही घेणार."

बाईने कपाळावर हात मारला. "माझी आजी पण नाही घ्यायची," म्हणाली. "'इकडून येणं झालं' म्हणायची. आणि मी इथे येऊन हेच विसरले!" मग तिने तो प्रश्न खोडून टाकला. आम्ही दोघी पुन्हा हसलो.

मग हसू ओसरल्यावर मी तिला लताचं सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. ताट कधी वाढते, म्हातारी कुठे जाते, भाकर कुठे लपवते, रस्ता कधीपासून चुकते. मग म्हणाली, "उद्या त्यांना घेऊन या. पण एकटीला बसवू नका, घाबरतील. चारचौघींत आणा."

दुसऱ्या दिवशी जतनबाईच्या अंगणात बिबड्या होत्या. तुला माहिती आहे, ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, ओल्या हाताने कपड्यावर थापायचं, उन्हात वाळवायचं. एका घरच्या बिबड्या म्हणजे गल्लीतल्या सगळ्या बायांचं काम. लता भिकुबाईला घेऊन आली आणि एका कोपऱ्यात उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही. म्हातारीला मात्र सगळ्यांनी, "या माय, या माय," करून मधे बसवलं. हमीदाने पाण्याची वाटी दिली. म्हातारी बिबडी थापायला लागली. हात अगदी पहिल्यासारखे चालत होते, गोल, पातळ. ते बघून एक जण माझ्या कानात बोलली, "कुठं काय झालंय हिला? चांगली तर आहे. सुनेमुळेच वाकडं."

बाई तिच्या शेजारी मांडी घालून बसली, हात ओला केला आणि स्वतःही एक थापली. वाकडीतिकडी. भिकुबाई हसली, म्हणाली, "तुले जमत नही व पोरी." मग बाई गप्पा मारायला लागली. कागद नाही, काही नाही. माहेर कुठलं? सांगितलं, बरोबर. लहानपणी काय खेळायचात? तेही सांगितलं. बाई म्हणाली, "घरी आत्ता कोण कोण आहे, आजी?"

आणि भिकुबाई बिबडी थापता थापता म्हणाली, "कोणी नही. झुलाल वावरमा गया. आजून उना नही."

चुलीवरच्या पातेल्यात पीठ रटरटत राहिलं, मंजू. जतनबाईने तोंडावर पदर घेतला. हमीदाचा हात कपड्यावर तसाच राहिला.

झुलाल म्हणजे तिचा नवरा. भिकुबाईने त्याचं नाव घेतलं. नुसतं घेतलं नाही, शेजारच्या पोराचं घ्यावं तसं घेतलं, तो गया, तो उना नही, म्हणजे गेला, आला नाही. ज्या बाईला आम्ही पन्नास वेळा पाहिलं होतं, नवऱ्याला हाक मारायची तर पोरांच्या नावाने मारणारी, तो मेला तेव्हा छाती पिटून रडतानासुद्धा नाव न घेणारी. आणि गेलेल्या माणसाची ती वाट बघत होती. ढोंग करणारी बाई काय वाटेल ते करेल, जेवून उपाशी म्हणेल, सुनेला नावं ठेवेल. पण हे ढोंग करून येत नाही. हे आम्हाला कुणी समजवायला लागलं नाही.

बाई आमच्याकडे बघतेय, तिला कळेना सगळ्या का थिजल्या. मी हळूच म्हटलं, "बाई, तिने नवऱ्याचं नाव घेतलं." तिला एकदम कळलं. तिने भिकुबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "येतील हां, आजी. ऊन आहे, सावलीत बसले असतील." म्हातारीचं समाधान झालं.

जतनबाई तिथून उठली. गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू कोपऱ्यात गेली, लताचा हात धरला, म्हणाली, "तू उभी का गं? बस." तेवढंच. लता खाली बसली ती दोन्ही हातात तोंड धरून.

मग बाईने आम्हाला सांगितलं. मला आठवतं तसं सांगते. ती म्हणाली, "वय झालं की माणूस थोडं विसरतो. या जतनबाई किल्ल्या कुठे ठेवल्या विसरतात, पण जरा आठवायला वेळ दिला की सापडतात. पाच शब्दांतले दोन राहिले तर मी आठवण करून दिल्यावर म्हणतात, हो गं बाई. हा आजार नाही, हे म्हातारपण. बहुतेक म्हातारी माणसं अशीच असतात, डोक्याने चांगली. भिकुबाईंचं वेगळं आहे. त्यांच्या डोक्यात नवीन काही टिकतच नाही. मघाशी जेवलेलं तिथे लिहिलंच जात नाही, मग आठवणार कसं? जुनं आहे ते राहिलंय, आणि हातांना शिकवलेलं राहिलंय. त्यांना वाटतं आपण उपाशी आहोत, त्या खोटं बोलत नाहीत. आणि सून देत नाही, हेही खरं नाही. यात कुणाचा दोष नाही."

हमीदाने विचारलं, "दवा?"

"दवा नाही," बाई म्हणाली. "बरं होईल असं मी सांगणार नाही. वाढेलच. पण घर बदलू नका, माणसं बदलू नका, त्यांच्याशी वाद घालू नका. भूक लागली म्हणाल्या तर चतकोर द्या."

हे ऐकून मला वाटलं, लता सुटली. पण मी लताकडे पाहिलं तर तिचा चेहरा काही तसा नव्हता. घर बदलू नका म्हणजे म्हातारी चाळीसगावला जाणार नाही. बरी होणार नाही. म्हणजे हे सगळं लताच्याच गळ्यात, म्हातारी असेपर्यंत. नाव धुतलं गेलं, पण ओझं तिथल्या तिथंच.

पुना पुढच्या रविवारी आला, आईला घेऊन जायला म्हणूनच. फुलचंद शेठने त्याला बोलावून सबनीस बाईपुढे बसवलं. बाईने समजावलं. त्याला पटेना, म्हणाला, बाया काहीही बोलतात. मग तो घरी गेला, आईपुढे बसला, लाडाने म्हणाला, "माय, मी पुना." म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, ओट्याच्या कडेला सरकली आणि डोक्यावर पदर घेतला, परका पुरुष आला म्हणून. पुना उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेव्हा लता बाहेर आली. मला वाटलं सोडून देईल. नाही. ती म्हणाली, "दादा, मला जे बोललात ते सगळ्या गल्लीपुढे बोललात. आता गल्लीपुढेच सांगा."

मगन म्हणाला, "जाऊ दे ना."

"तुम्ही गप्प बसा," लता म्हणाली. "तेव्हा गप्प बसलात ना, तसेच बसा."

पुनाने टोपी काढली. ओट्यावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "लतानी काही चूक नही. मनं चुकनं." ते समोरच्या हमीदापर्यंत गेलं.

लताचं झालं नव्हतं. "आणि मी अखाजीला माहेरी जाणार. पोरीला घेऊन. वहिनीला पाठवा, आई तुमची पण आहे."

पुनाने बायकोला पाठवलं. वहिनी आली. नवं पातळ, हातात घड्याळ. लताला म्हणाली, "तू जा निवांत. मी गिरणीवाल्याचं एवढं घर सांभाळते, एक म्हातारी नाही सांभाळणार?"

लता गेली. पहिल्याच दुपारी वहिनीने शिरा करून सासूला खाऊ घातला, आणि तासाभराने म्हातारी माझ्या दारात. "माय वं, ती मोठी सून माले उपाशी ठेवस." मागे वहिनी रडत उभी! "अक्का, मी शपथ सांगते, दोन वाट्या शिरा खाल्ला." मी म्हटलं, "माहीत आहे गं बाई. तू डोळे पूस." गल्ली जी हसायला लागली ती हसतच राहिली. कुणी तिला बोललं नाही. म्हातारीला मी चतकोर भाकर दिली, तिने दोन घास खाल्ले, बाकीची कनवटीला खोचली आणि निघाली.

लता परत आली त्या दिवशी वहिनी सकाळपासून पिशवी भरून एसटीच्या फाट्यावर उभी. लता उतरली तशी वहिनी तिच्या गळ्यातच पडली. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी लांब होते. पण वहिनी तीच एसटी पकडून गेली, घरी चहा प्यायला सुद्धा थांबली नाही. मगन लताची पिशवी डोक्यावर घेऊन पुढे चालला होता. बायकोचं ओझं डोक्यावर घेतलेला पुरुष गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच्यावर पण लोक हसले. हसू दे.

लताने पोरीला माझ्या मांडीवर दिलं, पदर खोचला, भाकरी टाकल्या. सासूला ओट्यावर नाही, आत चुलीपाशी वाढलं. म्हातारी जेवली. हात धुतले. आणि पदर पसरून हमीदाच्या दाराकडे निघाली.

लता दारात आली, पाहिलं, आणि धावली नाही. ओट्यावर बसली, पोरीला माझ्याकडून घेतलं. समोरून हमीदाचा आवाज आला, "आओ बुआ, बैठो. भूक लगी ना?"